कांदा कोणत्या खात्याचा?

शेती हा राज्यांचा विषय, घटनेच्या सातव्या अनुसूचीतच तसं लिहून ठेवलंय. तरी लासलगावच्या लिलावात भाव कोसळला की निफाड-चांदवडचा शेतकरी आमदाराइतकाच खासदाराच्याही नावाने बोटं मोडतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. कांदा वावरात आहे तोवर राज्याचा. जहाजात चढायची वेळ आली की दिल्लीचा. परदेशी व्यापार केंद्राच्या यादीत आहे. ऑगस्ट २०२३मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं ते अर्थ मंत्रालयाच्या अधिसूचनेने. डिसेंबरात निर्यातबंदीच आली, ती वाणिज्य मंत्रालयाकडून. राखीव साठ्यासाठी नाफेडने किती कांदा घ्यायचा हे ग्राहक व्यवहार खातं बघतं, आणि नावाप्रमाणे त्या खात्याचं लक्ष शहरातल्या गिऱ्हाइकाच्या पिशवीकडे असतं. गारपिटीनंतर विम्याचं विचारायचं तर दार कृषी मंत्रालयाचं.

म्हणून स्थानिक प्रश्न संसदेत नेणाऱ्याचं पहिलं काम भाषण करणं हे नसतंच. आपल्या गाऱ्हाण्यात केंद्राची जबाबदारी नेमकी कुठे आहे, हे त्याला आधी शोधावं लागतं. गावची एसटीची फेरी बंद झाली तर लोकसभेत तिला जागा नाही. रेल्वेचा थांबा रद्द झाला तर आहे. माणसांची गैरसोय दोन्हीकडे सारखीच.

‘मतदारसंघाचं बोलणारा खासदार’ आणि ‘देशाचं बोलणारा खासदार’ अशी वाटणी आपण सहज करतो. ती मला कधी पटली नाही. राजापूरचे नाथ पै कोकणाचे म्हणून ओळखले गेले. पण मूलभूत हक्कांना संसदेला हात लावता येत नाही असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर, १९६७मध्ये, मूलभूत हक्कांसह सारी घटना दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला असावा यासाठी खासगी विधेयक मांडणारेही तेच. त्यांच्यानंतर राजापूरमधून आलेल्या मधु दंडवत्यांनी कोकण रेल्वेचा पिच्छा पुरवला. मागणी कोकणची, पण मार्ग तीन राज्यांतून जाणारा. १९९०मध्ये कोकण रेल्वे महामंडळ झालं तेव्हा रेल्वेबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि मार्गाबाहेरचं केरळही भागीदार झाले. अर्थात नुसत्या मागण्यांनी रूळ पडत नाहीत. त्या वर्षी रेल्वे खातं जॉर्ज फर्नांडिसांकडे होतं आणि अर्थ खातं खुद्द दंडवत्यांकडे, हे विसरून चालणार नाही.

पण मंत्रिपद हाती नसलेल्याने काय करायचं? त्याच्याकडे असतो प्रश्न. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. मग सोडत निघते. दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न यादीत येतात, बाकीचे गळतात. प्रश्न कसा असावा याचे नियमही कडक आहेत. साधारण १५० शब्दांच्या आत बसला पाहिजे, त्यात तर्क, अनुमान, उपरोध, आरोप, विशेषणं नकोत, आणि मंत्र्याचं मत तर विचारायचंच नाही. कार्यकर्त्याने लिहून आणलेलं ‘शेतकऱ्याच्या तोंडचा घास काढणारं हे निर्दय सरकार’ यातलं काहीच टिकत नाही. मग उरतं ते असं काहीतरी: (अ) निर्यातबंदीनंतर नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांतील घाऊक दरांवर झालेल्या परिणामाचा शासनाने अभ्यास केला आहे काय, (आ) असल्यास, त्याचा बाजार समितीनिहाय तपशील काय, (इ) नसल्यास, त्याची कारणे काय?

वाचायला कोरडं आहे खरं. पण धार आहे ती याच कोरडेपणात. निर्दय म्हटल्यावर मंत्री रागावून दहा मिनिटं बोलेल आणि सुटेल. ‘नसल्यास, कारणे काय’ याला मंत्रालयाला लेखी उत्तर तयार करावं लागतं. ते नेहमीच सरळ असतं असं नाही. विधिमंडळाच्या बातम्या वाचणाऱ्या प्रत्येकाला ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे उत्तर पाठ आहे. तरी ‘अभ्यास केला नाही’ एवढं जरी लेखी मिळालं तरी पुढचं सगळं त्यावर उभं करता येतं. प्रश्न तारांकित असेल तर पुरवणी प्रश्नाची संधी मिळते, आणि मंत्र्याची खरी परीक्षा तिथे होते, कारण तो प्रश्न आधी छापलेला नसतो. सभागृह गोंधळात बुडालं तर लेखी उत्तर पटलावर येतंच, बुडतो तो पुरवणी प्रश्न. गोंधळ घालणाऱ्या विरोधकांच्या हे लक्षात येत नाही, की येऊनही चालतं, कोण जाणे.

प्रश्नोत्तराच्या तासानंतर येणाऱ्या शून्य प्रहराचं सगळं याच्या उलट. नियमांच्या पुस्तकात त्याचं नावही नाही. सकाळी दहापर्यंत सूचना द्यायची, सोडतीत आलात तर दुपारी दोन-तीन मिनिटं बोलायचं. उत्तर द्यायला मंत्री बांधील नाही. संध्याकाळपर्यंत त्या बोलण्याची चित्रफीत मतदारसंघातल्या प्रत्येक ग्रुपवर पोचलेली असते. याला नाक मुरडायचं कारण नाही, रात्री पूर आला तर पंधरा दिवस कोण थांबेल? लोकसभेच्या नियम ३७७ खालचं निवेदन या दोहोंच्या मधलं. मजकूर आधी मंजूर करून घ्यायचा, आणि मंजूर झालेल्यापलीकडे एक शब्द बोलायचा नाही.

मला मात्र सर्वांत कामाची वाटते ती एक कमी गाजलेली गोष्ट, सरकारी आश्वासनांवरची समिती. लोकसभेत ती १९५३पासून आहे. मंत्र्याच्या कोणत्या शब्दांना आश्वासन धरायचं याची तिच्याकडे यादीच आहे. ‘विचाराधीन आहे’, ‘माहिती मागवली आहे’, ‘यात लक्ष घालतो’ ही वाक्यं आपल्याकडे नकार देताना वापरतात. ही समिती ती खरी मानते आणि तीन महिन्यांत पूर्तता मागते. मुदतवाढ मागितली जाते, वर्षं जातात, आश्वासन वगळा अशी विनंतीही मंत्रालय करतं. पण तोवर ते थकबाकीत दिसत राहतं. म्हणून जाणता खासदार उत्तराचा कागद हाती आला की आधी आकडे बघत नाही. ‘विचाराधीन’ कुठे आहे ते शोधतो, त्याखाली रेघ मारतो, आणि पुढच्या अधिवेशनाच्या प्रश्नात त्या उत्तराची तारीख घालतो.