स्वप्नातला अखत्यार

मनुष्याच्या इच्छाशक्तीची सीमा कोठे आहे, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी बहुधा जागृतीच्या संदर्भात विचारला आहे. आणि जागृतीत त्याचे उत्तर देणे कठीण पडते, कारण जड सृष्टीचे नियम, देहाची दुर्बलता, इतर माणसांच्या इच्छा आणि समाजाचे निर्बंध इच्छेच्या आड एकाच वेळी उभे असतात. परंतु अशी एक अवस्था आहे की, जिच्यात हे सारे अडसर दूर झालेले असूनही विवेक जागा असतो. स्वप्न पाहता पाहता मध्येच झोपलेल्याला उमगते की, हे स्वप्न आहे. आणि असे उमगूनही त्याची झोप मोडत नाही. या सभान स्वप्नात माती नाही, दगड नाही, परका मनुष्य नाही. जे काही आहे ते त्याच्याच मनातून निपजलेले आहे. निरंकुश सत्ता मनुष्याला कोठे लाभणे शक्य असेल, तर ती येथेच लाभली पाहिजे. ती लाभते काय?

अशी अवस्था खरोखरच असते, याविषयी आता शंकेला जागा उरलेली नाही. 1975 साली इंग्लंडमधील हल येथील विद्यापीठात कीथ हर्न या संशोधकाने अशी स्वप्ने पाहणाऱ्या ॲलन वर्स्ली याच्या निद्रेचे आलेख घेतले. स्वप्नाच्या अवस्थेत देहाचे बहुतेक स्नायू शिथिल पडलेले असतात, परंतु डोळ्यांचे स्नायू मोकळे असतात; म्हणून स्वप्न ओळखू येताच डोळे डावी-उजवीकडे फिरवून खूण करायची, असे आधी ठरले होते. त्याप्रमाणे झोपेतूनच ती खूण आली आणि आलेखावर उमटली. पुढे अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच सिद्ध केले. जागेपणी केलेला निश्चय स्वप्नात आठवणे आणि आठवून तो अंमलात आणणे, एवढी सत्ता मनुष्याला तेथे निश्चित आहे.

परंतु या सत्तेची हद्द कोठवर जाते, हे पाहू लागलो म्हणजे विलक्षण गोष्टी आढळतात. ज्याने या स्वप्नांना इंग्रजीत 'ल्युसिड' हे नाव 1913 साली रूढ केले, तो डच वैद्य व साहित्यिक फ्रेडरिक व्हॅन एडन याने आपला एक अनुभव नोंदविला आहे. स्वप्नात आपण स्वप्नात आहोत हे जाणून त्याने मेजावरचा मद्याचा नाजूक पेला उचलला आणि त्यावर सारे बळ एकवटून मूठ हाणली. पेला फुटला नाही. थोड्या वेळाने पुन्हा पाहतो तो पेला फुटलेला होता. त्याने ते तुकडे खिडकीबाहेर फेकले. काचेचा खळखळाट त्याला स्पष्ट ऐकू आला, आणि त्या आवाजाने दोन कुत्री दचकून पळत सुटलेली दिसली. मूठ हाणण्याचा हुकूम त्याचा होता. पण पेल्याने फुटण्याची वेळ कोणी ठरविली, आणि ती दोन कुत्री कोणाच्या आज्ञेवरून तेथे आली? त्याच्याही आधी, 1867 साली, स्वप्नांच्या नियंत्रणावर ग्रंथ लिहिणारा फ्रेंच चिनी-विद्यापंडित एर्वे द सँ-दनी याने स्वप्नात मृत्यूचा अनुभव घेण्याच्या जिज्ञासेने उंच घरावरून उडी टाकली. तत्क्षणी देखावा पालटला आणि तो चर्चच्या चौकातल्या गर्दीत उभा राहून मनोऱ्यावरून उडी घेतलेल्या दुसऱ्याच कोणाचे प्रेत पाहू लागला. स्वतःच्या मनाने रचलेल्या सृष्टीतही त्याला स्वतःचा मृत्यू पाहता आला नाही.

ज्यांना अशी स्वप्ने वारंवार पडतात, त्यांचाही अनुभव याच दिशेचा आहे. अंधाऱ्या खोलीत दिव्याचे बटण दाबावे तर दिवा पुष्कळदा लागत नाही. 'अमका मनुष्य प्रकट होवो' असे फर्मान काढले तर तो येत नाही. पण तो या दारापलीकडे उभाच आहे अशा निःशंक अपेक्षेने दार उघडले, तर बहुधा भेटतो. म्हणजे स्वप्नसृष्टी हुकमाला फारशी जुमानत नाही, ती श्रद्धेला आणि अपेक्षेला प्रतिसाद देते; आणि अपेक्षा ही जुन्या संस्कारांतून जन्मते, ती क्षणाच्या संकल्पाने पालटत नाही. उत्तर पेशवाईत साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावाने शिक्के उमटत, परंतु दप्तर पुण्यास असे आणि मसलतीही तेथेच होत; स्वप्नातल्या 'मी'ची स्थिती काहीशी अशीच आहे. मुलूख त्याच्या नावाचा, पण कारभार त्याच्या नजरेआड चाललेला.

आपल्या आचार्यांनी हा प्रश्न फार पूर्वी सूक्ष्मतेने हाताळला आहे. स्वप्नात रथ नसतात, अश्व नसतात, मार्ग नसतात. तो पुरुष ते सर्व निर्माण करतो आणि म्हणून तो कर्ता होय, असे बृहदारण्यक उपनिषद सांगते. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात या वचनाची मीमांसा आली, तेव्हा शंकराचार्यांनी हे कर्तृत्व गौण ठरविले: स्वप्नातल्या हर्ष-भयाला निमित्त होणारी सुकृत-दुष्कृते त्या जीवाची आहेत, एवढ्याच अर्थाने तो कर्ता. रामानुजांनी तर ती सृष्टी परमेश्वराकडेच सोपविली, कारण संसारी जीवाचे सत्यसंकल्पत्व, म्हणजे संकल्प करताच तो खरा होण्याचे सामर्थ्य, झाकलेले असते. दोन्ही आचार्यांचे मार्ग भिन्न असले तरी एक गोष्ट दोघांनाही मान्य आहे: पूर्वकर्माचे फळ स्वप्नात समोर येते, ते भोगणाऱ्याच्या लहरीने येत नाही.

मग स्वप्नातल्या सावधपणाला अर्थ काय राहिला? माझ्या मते सारा अर्थ येथूनच सुरू होतो. दुःस्वप्नात पाठीस लागलेल्या आकृतीला नाहीशी हो म्हणून ती नाहीशी होत नाही. परंतु सावध झालेला मनुष्य पळायचे थांबू शकतो, मागे वळू शकतो, तिला 'तू कोण?' असे विचारू शकतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पाउल थोलाय यांनी हाच उपाय सांगितला. आणि अशा वेळी त्या आकृतीची उग्रता पुष्कळदा आपोआप ओसरते, हा अनेकांचा अनुभव आहे. जग बदलण्याचा अखत्यार तेथे अपुरा आहे. आपले वर्तन निवडण्याचा अखत्यार मात्र पुरेपूर आहे.

यावर कोणी म्हणेल की, तिबेटी बौद्ध परंपरेतील स्वप्नयोगी वस्तूंची रूपे पालटतात, एकाच्या अनेक करतात. तेव्हा ही मर्यादा केवळ अनभ्यासाची होय. अभ्यासाने सत्ता वाढते हे मी आनंदाने मान्य करतो. परंतु त्या साधनेचे प्रयोजन ऐश्वर्य भोगणे हे नसून, रूपे इतकी परिवर्तनीय आहेत तर त्यांना घट्ट धरून बसण्यात अर्थ नाही, हे मनावर बिंबविणे हे आहे. पतंजलींनीही स्वप्नाच्या ज्ञानाला चित्तस्थैर्याचे एक आलंबन मानले, ते याच दृष्टीने.

आणि स्वप्नावर संपूर्ण सत्ता मिळणे इष्ट तरी आहे काय? देहूच्या तुकोबांना बाबाजी चैतन्यांचा अनुग्रह स्वप्नात झाला; नामदेवांनी पांडुरंगासह येऊन त्यांना कवित्वाची आज्ञा केली तीही स्वप्नातच. ज्याच्या स्वप्नात त्याच्या इच्छेवाचून पानही हलत नाही, त्याच्याकडे असा कोणी येणार कोठून? तो केवळ स्वतःलाच पुनःपुन्हा भेटत राहील. आपल्या सत्तेची जी मर्यादा आपल्याला खटकते, तिच्याच वाटेने आपल्यापेक्षा मोठे असे काही आपल्यापर्यंत पोहोचते.

गीतेने कर्माची पाच कारणे सांगताना कर्ता हे एकच कारण मानले आणि दैवाला पाचवे स्थान दिले. जागृतीत हे पटवून घेण्यास जगाचा विरोध साक्षीस असतो. सभान स्वप्नात परका असा कोणीच नसतो, आणि तरीही पाच कारणे पाचच राहतात. कर्त्याचा वाटा लहान आहे. पण तो खरा आहे, आणि निजलेल्या माणसाकडूनही तो हिरावून घेता येत नाही. ज्याने हे एकदा जाणले, त्याने जागेपणीही जगाला हुकूम सोडण्यात आयुष्य वेचू नये. जे समोर येईल त्याच्याशी कसे वागायचे, एवढ्याच प्रांताचा कारभार नेकीने चालवावा.