आठवत नाही, म्हणजे नव्हतंच का?

बेंगळुरूच्या राजाजीनगरात टेकडीवर इस्कॉनचं मंदिर आहे आणि त्याच वस्तीत कामगार विमा योजनेचं ईएसआय रुग्णालय. मंदिरात आत्मा देहाहून वेगळा असल्याचं सांगतात; रुग्णालयात भूलतज्ज्ञ शिरेतून प्रोपोफोल सोडतात आणि स्वतःला वेगळा म्हणवणारा तो ‘मी’ मिनिटभरात नाहीसा होतो. औषध दुधासारखं दिसतं, कारण ते पाण्यात विरघळत नाही. सोयाबीन तेल आणि अंड्यातल्या लेसिथिनच्या मिश्रणातून द्यावं लागतं. निरोगी प्रौढाला किलोमागे दीड ते अडीच मिलिग्रॅम पुरतं. मेंदूतल्या पेशींना आवर घालणारी गाबाची यंत्रणा ते बळकट करतं. मग औषध मेंदूतून स्नायूंकडे पसरतं आणि पुढचा डोस दिला नाही, तर पाच-दहा मिनिटांत माणूस डोळे उघडतो. जाणीव जर अशी मिलिग्रॅमांच्या दयेवर जगत असेल, तर साक्षी, म्हणजे झोपेतही जागी राहणारी जाणीव, वगैरे कल्पनांचा निकाल लागलाच, असं कुणी म्हणेल. मला तो निकाल घाईचा वाटतो. मात्र वेदान्ताच्या बाजूने दिलं जाणारं ठरावीक उत्तरही तितकंच कच्चं आहे, आणि कच्चेपणाचं कारण दोन्हीकडे एकच: दोन्ही पक्ष आठवणीच्या भरवशावर बोलतात.

वेदान्ताचं उत्तर शृंगेरीच्या विद्यारण्यांनी चौदाव्या शतकात ‘पंचदशी’च्या आरंभीच नेटकं मांडलं. गाढ झोपेतून उठलेला माणूस म्हणतो, मला काहीच कळलं नाही. हे न कळणं त्याला आठवतं आहे. अनुभवाशिवाय आठवण नाही. तेव्हा झोपेतला तो अंधार जाणणारं कुणीतरी जागं होतं. न्यायदर्शनाच्या पंडितांनी, नैयायिकांनी, याला हरकत घेतली, आणि ती मला आजही बिनतोड वाटते. ही आठवण नव्हेच, हे अनुमान आहे: अंग हलकं झालं, ऊन वर आलं, त्या अर्थी मध्ये झोप लागली असणार. भुलेने नैयायिकांच्या हाती आणखी एक पुरावा दिला आहे. झोपेतून उठल्यावर वेळ गेल्याचं काहीतरी भान असतं. प्रोपोफोलमधून उठलेल्या अनेकांना तेही नसतं, शस्त्रक्रिया उरकली यावर विश्वास बसत नाही. आणि तरीही बरेच जण खुशीत असतात, मस्त झोप झाली म्हणतात. ही प्रसन्नता औषध उतरतानाची आहे. जागं होताना तयार झालेलं सुख मधल्या पोकळीच्या खात्यावर जमा केलं जातं. नैसर्गिक झोपेतही असंच होत नसेल, हे कशावरून?

पण म्हणून पोकळीत काहीच नव्हतं, हेही सिद्ध होत नाही. स्नायू शिथिल करणारं औषध देण्याआधी एका दंडावर पट्टा फुगवून रक्तप्रवाह अडवला, तर ते औषध त्या हातात पोचत नाही आणि हात हलू शकतो. भूलतज्ज्ञ टन्स्टॉल यांनी १९७७मध्ये मांडलेली ही युक्ती २०१७च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात २६० रुग्णांवर वापरली गेली. श्वासनळीत नळी घातल्यानंतर ‘ऐकू येत असेल तर हात दाबा’ असं सांगितल्यावर त्यांतल्या १२ जणांनी हात दाबला. अशा रुग्णांना नंतर सहसा यातलं काही आठवत नाही. उठल्यावर विचारलं, तर तेही मनापासून ‘काहीच कळलं नाही’ असंच सांगतील. केटामिन या भुलेच्या औषधाची तर तऱ्हाच वेगळी: डोळे उघडे, बाहेरच्या हाकेला ओ नाही, आणि आत स्वप्नांची गर्दी असू शकते.

वेदान्ती म्हणतील, भूल म्हणजे मूर्च्छा, सुषुप्ती म्हणजे गाढ झोप नव्हे. मग तिचे दाखले आम्हाला कशाला? आक्षेप पोकळ नाही. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात मूर्च्छेचा स्वतंत्र विचार आहे, आणि तिथे शंकराचार्य एखाद्या वैद्याच्या बारकाईने फरक नोंदवतात: झोपलेल्याचा चेहरा शांत, श्वास नियमित, हात लावताच तो उठतो, मूर्च्छित मुद्गराच्या घावानेही उठत नाही. आजचा मेंदूचा आलेखही भूल आणि झोप एक मानत नाही. पण हा भेद मान्य केला, तर मूर्च्छेतल्या साक्षीसाठी आठवणीचा आधार उरत नाही. मग वेदान्त्याला आपल्या खऱ्या भूमिकेवर यावं लागतं: साक्षी स्वयंप्रकाश आहे, त्याला पुराव्याची गरजच नाही. ही भूमिका सुसंगत आहे, फक्त तिची किंमत मोजली पाहिजे. जे कुठल्याही औषधाने खोडता येत नाही, त्याच्या समर्थनाला झोपेचा किंवा भुलेचा अनुभवही आणता येणार नाही.

भूलतज्ज्ञाला मात्र या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबता येत नाही. प्रोपोफोल वेदना शमवत नाही. म्हणून रुग्ण निपचित असला तरी सोबत फेंटॅनिलसारखं औषध देतात, चीर देताना नाडी आणि रक्तदाब चढतो का ते पाहतात. गुंगी आणणाऱ्या मिडॅझोलॅमची गोष्ट अधिक अवघड. ते दिल्यावर माणूस कण्हतो, हात मागे ओढतो आणि संध्याकाळपर्यंत सगळं विसरतो. तिथे ‘राहू दे, नंतर त्याला आठवणार नाही’ असं म्हणणाऱ्याने वेदनेच्या प्रश्नाला उत्तर दिलेलं नसतं. उद्या तक्रार येईल का, एवढंच सांगितलेलं असतं.