‘मार्ग सापडला नाही’ : त्रुटिसंदेशाचे प्रमाणशास्त्र

त्रुटिसंदेश हे संगणकाने आपल्या स्थितीविषयी केलेले विधान असते. सर्व्हरवरील शेअर्ड फोल्डर उघडताना ‘नेटवर्क मार्ग सापडला नाही’ किंवा ‘प्रवेश नाकारला’ असे शब्द पडद्यावर येतात, तेव्हा संगणक खोटे बोलत नसतो. तरीही वाचणारा बहुधा चुकीच्या निष्कर्षावर पोहोचतो. खऱ्या विधानातून खोटे ज्ञान कसे उपजते, हा भारतीय दर्शनांनी शतकानुशतके चर्चिलेला प्रश्न आहे. जुना सर्व्हर काढून नवा बसवण्यापूर्वी, म्हणजे स्थलांतरापूर्वी, या प्रश्नाला व्यावहारिक निकड येते, कारण त्या वेळी जो समज असेल तोच नव्या यंत्रणेचा पाया ठरतो.

न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानते. शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा असेल तरच. वस्तू स्वतः जाणणारा आणि ती जशी आहे तशी सांगू इच्छिणारा, तो आप्त. संदेश दाखवणारा प्रोग्राम या कसोटीवर अर्धाच उतरतो. फसवण्याचा हेतू त्याच्या ठायी नाही, पण मूळ कारणाचे ज्ञानही त्याला नाही. आपण विचारले आणि अपेक्षित उत्तर मिळाले नाही, एवढेच त्याला कळते. विंडोजमध्ये मार्ग न सापडल्याच्या संदेशाचा क्रमांक ५३ आहे. डीएनएसने सर्व्हरच्या नावाचा पत्ता दिला नाही, फायरवॉलने ४४५ क्रमांकाचे पोर्ट अडवले, सर्व्हरवरील शेअरिंगची सेवा थांबली, किंवा दोन्ही बाजूंना समजेल अशी एसएमबीची (फाइल शेअरिंगच्या प्रोटोकॉलची) आवृत्तीच उरली नाही, तरी क्रमांक तोच येऊ शकतो. शेवटचे कारण जुन्या सर्व्हरच्या बाबतीत नेहमीचे आहे. विंडोज सर्व्हर २००३ फक्त एसएमबीची पहिली आवृत्ती जाणतो, आणि २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १०च्या १७०९ या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या संगणकांवर ती एकतर मुळातच दिली जात नाही किंवा काही काळ न वापरल्यास आपोआप काढली जाते. अशा वेळी सर्व्हर चालू असतो, तारा जोडलेल्या असतात, तरी मार्ग ‘सापडत’ नाही. म्हणून ‘५३ आला, अर्थात सर्व्हर बंद आहे’ हे अनुमान नैयायिकांच्या भाषेत सव्यभिचार ठरते: हेतू आहे, पण साध्य तेथे असेलच असे नाही.

चूक नेमकी कोठे घडते, याविषयी दर्शनांत मतभेद आहेत. शिंपल्याच्या जागी चांदी दिसणे हे त्यांचे ठरलेले उदाहरण. प्रभाकराच्या मीमांसेनुसार तेथे खोटे ज्ञान नसतेच. ‘हे’ असे समोरच्या वस्तूचे प्रत्यक्ष आणि चांदीचे स्मरण ही दोन खरी ज्ञाने असतात. त्यांतला भेद लक्षात येत नाही, एवढाच दोष. हा अख्यातिवाद कार्यालयातील बऱ्याच तक्रारींना चपखल लागू पडतो. समोर संदेश आहे, हे प्रत्यक्ष. मागच्या खेपेस असाच संदेश आला तेव्हा स्विच बिघडला होता, हे स्मरण. दोन्ही खरे, पण त्यांची सांगड घालून स्विच बदलला जातो आणि बिघाड जागच्या जागी राहतो.

न्यायाचा अन्यथाख्यातिवाद वेगळे सांगतो. चांदी खोटी नाही, ती अन्यत्र खरोखर आहे. येथे ती भलत्या ठिकाणी प्रतीत झाली. ‘प्रवेश नाकारला’ या संदेशाची गत अशीच होते. विंडोजमध्ये नेटवर्कवरून येणाऱ्या युजरला दोन दरवाजे ओलांडावे लागतात: एक शेअरच्या परवानगीचा, दुसरा एनटीएफएस या फाइल-प्रणालीतील परवानगीचा, आणि दोहोंपैकी जी अधिक कडक तीच चालते. फोल्डर शेअर करताना ‘सर्वांना फक्त वाचन’ ही मूळ शेअर-परवानगी तशीच राहिली, तर एनटीएफएसमध्ये बदलाचा पूर्ण अधिकार असूनही युजरला फाइल साठवता येत नाही. नकार खरा असतो, पण शोध दुसऱ्याच थरात चालतो. युजरला नव्या गटात घातल्यावरही काही काळ नकार येतो, कारण लॉगिनच्या वेळी तयार झालेल्या टोकनमध्ये तो गट नसतो. युजरने बाहेर पडून पुन्हा लॉगिन केल्याशिवाय तो त्यात येत नाही. येथे कालच्या स्थितीचे सत्य आजच्या स्थितीवर आरोपित झालेले असते.

अभावाचे ज्ञान हा याहून नाजूक विषय. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात, पण अट घालतात: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून तो नाही, असे म्हणता येत नाही. विंडोज सर्व्हरवर परवानगीनुसार यादी दाखवण्याची सोय सुरू असेल, तर वाचनाचा अधिकार नसलेला फोल्डर युजरला दिसतच नाही. ‘फोल्डर गेला’ ही तक्रार तेव्हा अयोग्य अनुपलब्धीवर उभी असते. लांब नावांचीही हीच गोष्ट. जुनी साधने २६० अक्षरांपलीकडचा मार्ग हाताळत नाहीत. युजर ड्राइव्हच्या एका अक्षरातून आत शिरत असल्याने त्याच्यासाठी मार्ग आखूड असतो. सर्व्हरवर पूर्ण मार्गाने पाहणाऱ्या साधनाला तीच फाइल सापडत नाही. अशा फाइलला हरवलेली ठरवून स्थलांतराच्या यादीतून वगळणे म्हणजे न दिसण्यालाच नसणे मानणे होय.

उलट्या दिशेचाही भ्रम असतो. रोबोकॉपी हे फाइली हलवण्याचे प्रचलित साधन काम संपल्यावर एक आकडा परत देते. त्याचा १ हा आकडा फाइली नीट नकलल्याचे सांगतो. नक्कल फसल्याची खूण ८ पासून सुरू होते. शून्याखेरीज प्रत्येक आकड्याला अपयश समजणारी यंत्रणा यशालाच त्रुटी ठरवते. त्याहून घातक म्हणजे ॲडमिनच्या खात्यातून केलेली चाचणी. फोल्डर उघडतो, पण ते ज्ञान ॲडमिनपुरते प्रमाण असते. लेखा विभागातील कारकुनाला तो उघडेल की नाही, याविषयी ते काहीच सांगत नाही.

ज्ञानाचे प्रामाण्य कशाने ठरते, हा वाद येथे उपयोगी पडतो. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असते. बाधक कारण पुढे आले तरच ते सोडावे. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून, सफल प्रवृत्तीवरून कळते: पाणी समजून गेलेल्याची तहान भागली, तर ते ज्ञान खरे. रोजच्या कामात मीमांसकांची वाट सोयीची, कारण प्रत्येक संदेशावर संशय घेत बसले तर काम होणार नाही. स्थलांतरापूर्वी मात्र नैयायिकांचीच वाट धरावी लागते. निदान केले, त्यानुसार एकच बदल केला, त्याच युजरच्या खात्यातून, त्याच्याच संगणकावर तोच फोल्डर उघडला, तर निदान प्रमाण. कारण असताना कार्य असणे आणि कारण काढताच कार्य नाहीसे होणे, हा अन्वय-व्यतिरेक त्यासाठी लागतो.

हे सारे स्थलांतराच्या आधीच का, याचे उत्तरही येथेच आहे. सर्व्हर बदलला की नाव, पत्ता, एसएमबीची आवृत्ती, परवानग्या आणि घड्याळ एकाच वेळी बदलू शकतात. मग त्रुटी गेली तरी कशामुळे गेली, आणि नवी आली तर कशामुळे आली, हे सांगता येत नाही. व्यतिरेकाला जागाच उरत नाही. अद्वैतानुसार भ्रमाचा बाध अधिष्ठानाच्या ज्ञानाने होतो: शिंपला कळला की चांदी मावळते. शिंपला पाहण्यापूर्वीच उचलून नेला, तर चांदी होती की नव्हती हा प्रश्न कायमचा अनिर्णित राहतो. शिवाय शेअरच्या परवानग्या फाइलींबरोबर जात नाहीत, त्या सर्व्हरच्या रजिस्ट्रीत असतात. जुने यंत्र बंद झाले की तो पुरावाही हाताबाहेर जातो.

अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात अयथार्थ अनुभवाचे संशय, विपर्यय आणि तर्क असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील पहिल्या दोहोंचा भेद स्थलांतराच्या निर्णयाला पुरेसा आधार देतो. जिचे कारण कळले आहे ती त्रुटी दुरुस्त न करताही नोंदीसह पुढे नेता येते. जिच्याविषयी संशय आहे ती तपासाच्या यादीत राहते, म्हणून तिचा धोका मर्यादित असतो. विपर्यय, म्हणजे चुकीचे पण निश्चित वाटणारे ज्ञान, कोणत्याच यादीत येत नाही, कारण त्याची चौकशी संपली असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. स्थलांतरापूर्वीच्या तपासाचे मुख्य काम म्हणजे असे निश्चय पुन्हा संशयाच्या कक्षेत आणणे आणि तेथून प्रमाणाने त्यांचा निकाल लावणे.