शिमीचे शाप आणि दाविदाचें मौन

वचन : २ शमुवेल १६:५–१३

दावीद राजा आपल्याच पुत्राच्या भयानें यरुशलेम सोडून, अनवाणी, मस्तक झांकून, रडत चालला होता. बहूरीम गांवापाशीं शौलाच्या घराण्यांतला शिमी बाहेर आला आणि डोंगराच्या कडेनें चालतां चालतां शाप देऊं लागला, धोंडे व धूळ फेंकूं लागला. त्याच्या शापांत धर्माची भाषा होती. हें दुःख म्हणजे परमेश्वरानें घेतलेला सूडच होय, असें तो दाविदास म्हणाला. तेव्हां अबीशयानें त्याचें डोकें उडविण्याची परवानगी मागितली. दाविदानें ती दिली नाहीं.

असे शिमी आपल्या काळांतही आहेत. अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांत टोपेका नगरीं वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च नांवाची एक लहान मंडळी आहे. ती कोणत्याही बॅप्टिस्ट संघांत मोडत नाहीं. तिचा संस्थापक फ्रेड फेल्प्स २०१४ सालीं वारला. त्या राष्ट्रांत समलिंगी संबंध सोसले जातात म्हणून देव त्याचे सैनिक मारितो, अशी तिची शिकवण. २००६ च्या मार्च महिन्यांत इराकांत एक तरुण सैनिक मेला. मेरीलँड संस्थानांतील वेस्टमिन्स्टर गांवीं त्याची अंत्ययात्रा निघाली, त्या दिवशीं ह्या मंडळीचे सात जण फलक घेऊन सुमारें १००० फुटांवर उभे राहिले. सैनिक मेले म्हणून देवाचे आभार मानणारे शब्द त्या फलकांवर होते. पित्यास वाटेंत फलकांचे केवळ वरचे भाग दिसले. त्यांवर काय लिहिलें होतें, हें त्यास रात्रीं बातम्यांत कळलें.

पित्यानें फिर्याद केली. पंचांनीं त्यास सुमारें १ कोटि ९ लक्ष डॉलर भरपाई ठरविली, न्यायाधीशानें ती ५० लक्षांवर आणिली, अपील कोर्टानें ती रद्द केली, आणि २ मार्च २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आठ विरुद्ध एक मतानें त्या मंडळीचाच पक्ष उचलून धरिला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स ह्यांनीं कारण दिलें तें असें : भाषण सार्वजनिक प्रश्नाविषयीं होतें, सार्वजनिक जागीं होतें, पोलिसांच्या सांगण्याप्रमाणें होतें, त्यापासून मोठें दुःख झालें तरी तेवढ्यावरून बोलणाऱ्यास दंड करतां येत नाहीं. न्यायमूर्ति अलिटो ह्यांनीं एकट्यांनीं विरुद्ध मत दिलें. खुली चर्चा व्हावी म्हणून शोक करणाऱ्या खाजगी मनुष्यावर शब्दांचा क्रूर हल्ला करूं देण्याची गरज नाहीं, असा त्यांचा आशय होता.

आतां आपण ख्रिस्ती जनांनीं ह्याविषयीं काय मानावें?

पहिली गोष्ट, अबीशयाची तरवार मागूं नये. प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय ४ व ५, वाचा. पेत्र व योहान ह्यांचें बोलणें न्यायसभेस इतकें झोंबलें कीं, तिनें त्यांस बोलण्याची मनाई केली, पुढें फटके मारविले. ऐकणाऱ्याचें मन दुखावलें एवढ्यावरच अपराध ठरत असेल, तर आरोपीच्या पिंजऱ्यांत प्रथम प्रेषितच उभे राहतील, आणि त्यांच्या मागें बाजारांत उपदेश करणारा प्रत्येक उपदेशक.

परंतु धोंडा आणि शब्द ह्यांत भेद आहे. धोंडा अडविणें हें सरकारचें काम आहे, आणि पौलानें कैसराकडे दाद मागितली तशी आपणही मागावी. शब्दासही स्थळ व काळ ह्यांची मर्यादा घालतां येते. अमेरिकेनें २०१२ सालीं कायदा करून सैनिकांच्या अंत्यविधीपूर्वीं व नंतर दोन तास, ३०० फुटांच्या आंत, असा उपद्रव मना केला. आपल्या राज्यघटनेच्या १९ व्या कलमांत भाषणस्वातंत्र्य आहे, आणि सार्वजनिक सुव्यवस्था व सभ्यता ह्यांसाठीं वाजवी बंधनेंही आहेत. मत बोलूं द्यावें, पण शोकाकुलांस थोडें अंतर लाभावें, हा मार्ग मला न्याय्य दिसतो.

दुसरी गोष्ट, कायद्याची मोकळीक म्हणजे देवाची मान्यता नव्हे. मत्तय १२:३६ प्रमाणें प्रत्येक व्यर्थ शब्दाचा हिशेब द्यावयाचा आहे. तेथें आठ विरुद्ध एक असें मत घेतलें जाणार नाहीं. आणि शब्द किती खोल जातो तें पाहा. दाविदानें शिमीस जीवदान दिलें, तरी १ राजे २ ह्यांत मरणशय्येवर त्यास तोच शाप आठवला, आणि त्यानें शलमोनास त्याचा सूड घेण्यास सांगितलें. क्षमा करणाऱ्या राजाच्या अंतःकरणांतही तो कांटा शेवटपर्यंत राहिला. मग त्या पित्याच्या मनांत काय राहिलें असेल! ज्यांनीं देवाचें नांव त्या फलकांवर लिहिलें, त्यांनीं तिसरी आज्ञा मोडिली, असें मी म्हणतों.

तिसरी गोष्ट, आपल्या प्रभूची रीति निराळी आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, तेव्हां ते इतरांहून अधिक पापी होते असें मानूं नका, असें त्यानें शिकविलें, आणि ऐकणाऱ्यांसच पश्चात्तापास बोलाविलें (लूक १३). नाईन गांवच्या वेशीपाशीं त्यालाही एक प्रेतयात्रा भेटली. विधवेचा एकुलता एक पुत्र मेला होता. प्रभूनें त्या मुलाच्या पापांची चौकशी केली नाहीं. त्यास कळवळा आला. त्यानें जवळ जाऊन तिरडीस हात लाविला.

उपदेशक बंधूंनो, हें आपल्यासाठीं आहे. ज्यानें आपली थट्टा केली, अथवा जो मंडळी सोडून गेला, त्याच्या घरीं मरण येतें. तेव्हां, पाहा, देवानें कसें केलें, हे शब्द ओठांवर येऊं पाहतात. ते गिळून टाका. त्या घरीं पाणी भरून द्या, लेंकरांस जेवूं घाला, जवळ बसा. ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्यानें बसले, तोंवर ते मित्र होते. दुःखाचा न्याय करूं लागले तेव्हां चुकले.

आणि कोणी आपल्या शोकावर थुंकला, तर दाविदाप्रमाणें आपली वाट चालत राहा, व त्याचा न्याय परमेश्वराच्या हातीं सोंपवा. प्रभु आपणांस मोकळी जीभ देवो, आणि तिचा लगाम आपल्या हातीं ठेवो. आमेन.