न दिसणं आणि नसणं

कॅनडाच्या २००१ च्या इमिग्रेशन कायद्यात ३१ वं कलम आहे. त्यातलं दुसरं पोटकलम मी इतक्यांदा वाचलंय की आता ते मला तोंडपाठ आहे. त्याचा आशय असा: ज्याच्या हातात कायम निवासाचं कार्ड आहे, तो कायम निवासी आहे असं धरून चालावं, आणि जो कॅनडाबाहेर आहे व ज्याच्याजवळ असं कार्ड नाही, तो कायम निवासी नाही असं धरून चालावं. अधिकाऱ्यानं तपासून निराळं ठरवलं तर गोष्ट वेगळी.

यातला पहिला भाग कुणालाही पटेल. मी अडले ती दुसऱ्यापाशी. पुण्यात मी संस्कृत घेऊन एम. ए. केलं आणि पुढे काही वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं. अन्नंभट्टाचा न्यायशास्त्रावरचा 'तर्कसंग्रह' दरवर्षी नव्या मुलांपुढे उघडायचा, धूर आणि अग्नी फळ्यावर लिहायचे, हे माझं काम होतं. आता कॅनडात, ब्रॅम्प्टनमध्ये, एका डे-केअरमध्ये लहान मुलांना सांभाळते. पण धूर आणि अग्नी डोक्यातून गेलेले नाहीत, आणि हे पोटकलम वाचताना मला फळ्यावरचं तेच वाक्य उलटं लिहिलेलं दिसलं.

आधी परिस्थिती सांगते. आम्ही वर्क परमिटवर इथे होतो आणि इथे असतानाच आम्हाला पीआर, म्हणजे कायम निवासाचा हक्क, मिळाली. त्याचा काही सोहळा नसतो. पोर्टलवर फोटो चढवायचा, पत्ता भरायचा, आणि एक दिवस 'कन्फर्मेशन' नावाचा कागद पीडीएफच्या रूपात येतो. तुम्ही कायम निवासी झालात, असं तो सांगतो. प्रवासासाठी तो वैध नाही, असंही त्याच्यावरच छापलेलं असतं. खरं कार्ड नोव्हा स्कोशियातल्या सिडनीहून पोस्टानं येतं. आमच्या रस्त्यावर पोस्टमन दारापर्यंत येत नाही. कोपऱ्यावर लोखंडी खणांची पेटी आहे, प्रत्येक घराला एक खण आणि एक किल्ली. जानेवारीत कुलूप गोठतं. हातमोजा काढून किल्ली मुठीत धरायची, थोडी ऊब द्यायची, मग फिरवायची. कार्डाची वाट पाहणाऱ्या प्रत्येकाला ही किल्ली ओळखीची आहे.

त्या दिवसांत वाईहून फोन आला की आई मोरीत पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. साताऱ्याला नेलंय, ऑपरेशन करावं लागेल. वडील गेल्यापासून ती गणपती आळीतल्या घरात एकटी असते आणि मला सख्खं भावंड नाही.

इथे एक विचित्र गोष्ट लक्षात येते, आणि ती पीआरची वाट पाहणाऱ्यांखेरीज फारसं कुणाला माहीत नसते. महिनाभरापूर्वी मी तात्पुरती रहिवासी होते. पासपोर्टवर व्हिसा होता. मी वाईला जाऊन आईला भेटून बिनधास्त परत येऊ शकले असते. कायमची झाले त्या दिवशी तो व्हिसा निरुपयोगी झाला, कारण कायम निवाशानं पाहुण्याच्या व्हिसावर यायचं नसतं. कार्ड अजून आलेलं नाही. म्हणजे परत येण्याचा हक्क वाढला आणि परत येण्याचं साधन गेलं. हक्काबद्दल कायदा अगदी स्पष्ट आहे. २७ वं कलम सांगतं की कायम निवाशाला देशात येण्याचा आणि राहण्याचा अधिकार आहे. अडचण सीमेवर येत नाही, त्याच्या कितीतरी आधी, मुंबईच्या विमानतळावर येते. तिथल्या काउंटरवरच्या मुलीला तुमचा हक्क दिसत नाही. तिला कार्ड बघायचं असतं.

वाटा आहेत, नाही असं नाही. कार्ड लवकर द्या म्हणून तातडीची विनंती करता येते. त्यासाठी तिकीट आणि डॉक्टरचं पत्र जोडावं लागतं. आधी अमेरिकेत उतरून खाजगी गाडीनं सीमा ओलांडली तर कार्डाशिवाय आत येता येतं, पण भारतीय पासपोर्टवाल्याला त्यासाठी अमेरिकेचा व्हिसा हवा, तो माझ्याकडे नव्हता. तिसरी वाट म्हणजे भारतात जाऊन तिथून प्रवासाच्या कागदाचा अर्ज करायचा, पन्नास डॉलर भरायचे आणि तो येईपर्यंत थांबायचं. डॉक्टरचं पत्र मला व्हॉट्सॲपवर आलं. लेटरहेडवर आईचं नाव, वय, कुठलं हाड कुठे मोडलंय आणि खाली शिक्का. ते पत्र मी विनंतीला जोडलं आणि उत्तराची वाट न पाहता तिसऱ्या वाटेनं निघाले. सहा वर्षांची मुलगी नवऱ्याजवळ ठेवली.

विमानात मला फळा आठवला. जिथे धूर आहे तिथे अग्नी आहे, हे बरोबर. म्हणून डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं अनुमान करता येतं. पण जिथे धूर नाही तिथे अग्नी नाही, असं म्हणता येत नाही. आपल्या नैयायिकांनी यासाठी लोहाराच्या भट्टीतला तापलेला लोखंडाचा गोळा, 'अयोगोलक', पुढे केला. तो लालभडक असतो, हात लावला तर भाजतो आणि त्यातून धूर निघत नाही. धूर निघायला नुसता अग्नी पुरत नाही, ओलं लाकूड लागतं. कार्ड हा धूर आहे आणि निवासीपण हा अग्नी. पोटकलमाचा पहिला भाग धुरावरून अग्नीकडे जातो, तो निर्दोष आहे. दुसरा भाग धूर नाही म्हणून अग्नी नाही असं म्हणतो. पहिल्या वर्षाच्या मुलानं पेपरात हे लिहिलं असतं तर मी लाल शाईनं 'अयोगोलक' एवढंच लिहून गुण कापले असते.

पुढचा प्रश्न याहून खोल आहे आणि त्यावर आपल्या परंपरेत शतकानुशतकं वाद झाले आहेत. एखादी गोष्ट नाही, हे आपल्याला कळतं कसं? जमिनीवर घडा नाही हे मी कशावरून म्हणते? कुमारिल भट्टाचे अनुयायी आणि अद्वैती सांगतात की न दिसणं हेच स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, आहे, नाव अनुपलब्धी. नैयायिक ते वेगळं प्रमाण मानत नाहीत. पण एका अटीवर सगळ्यांचं एकमत आहे: न दिसण्याला योग्यता हवी. वस्तू असती तर ती मला इथे, या उजेडात, या डोळ्यांनी दिसली असती, अशी परिस्थिती असेल तरच तिचं न दिसणं तिचा अभाव सिद्ध करतं. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर त्यावरून घड्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही, फक्त अंधाराबद्दल होतं. माझं निवासीपण ओटावाच्या नोंदीत होतं. ज्याला ती नोंद उघडता येते, त्यानं उघडून पाहिली आणि माझं नाव सापडलं नाही, तर ते न दिसणं योग्य. मुंबईच्या काउंटरवरचं न दिसणं अंधाऱ्या खोलीतलं आहे.

कायद्याच्या बाजूनं जे म्हणता येईल ते मला ठाऊक आहे, आणि ते हलकं नाही. 'धरून चालावं' म्हणजे 'आहे' नव्हे. कायदा मला निवासी नाही असं म्हणत नाही. सिद्ध करण्याचा भार कुणावर, एवढंच ठरवतो. खोट्या कागदांवर माणसं विमानात बसवली जातात, हेही खरं. आणि त्याच ३१ व्या कलमात पुढे प्रवासाच्या कागदाची तरतूद आहे. दार कायमचं बंद केलेलं नाही. हे सगळं मान्य करूनही माझं म्हणणं उरतं. ज्याच्याजवळ नोंद आहे त्यानं ती न पाहता अभाव गृहीत धरायचा, आणि जो आजारी आईच्या उशाशी बसला आहे त्यानं भाव सिद्ध करायचा, ही भाराची वाटणी अन्यायाची आहे.

आपलं धर्मशास्त्र या बाबतीत काय करतं, हे मी वाईत असताना पुन्हा वाचून काढलं. प्राज्ञपाठशाळेचं गाव असल्यामुळे पुस्तकांना तोटा नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात परदेशी असलेल्याचा विचार आहे. आप्त वारल्याची बातमी दहा दिवसांच्या आत कळली तर उरलेले दिवस सुतक, दहा दिवसांनंतर कळली तर तीन रात्री, वर्ष उलटल्यावर कळली तर फक्त स्नान. आईवडिलांच्या बाबतीत मात्र पुढच्या निबंधकारांनी हिशेब निराळा केला: मुलाला बातमी केव्हाही कळो, कळल्या दिवसापासून पूर्ण दहा दिवस. दूर असल्यामुळे मुलगा मुलगा राहिला नाही, असं शास्त्र एका क्षणासाठीही धरत नाही.

घरातून नाहीशा झालेल्या माणसाबद्दल तर ते आणखी सावध आहे. वार्ता लागत नाही म्हणून त्याला मेलेला धरू नये; बारा वर्षं वाट पाहावी, मगच पळसाच्या पानांची प्रतिकृती करून दहन करावं. आमच्या आळीत हे घडलेलं मी पाहिलं आहे. एक काका सकाळी कृष्णेवर म्हणून गेले, परत आले नाहीत. काकू त्यानंतर वर्षानुवर्षं कुंकू लावत राहिल्या आणि कुणीही, अगदी जुन्या वळणाच्या बायकांनीही, त्यांना हळदीकुंकवाला बोलावणं चुकवलं नाही. शोधणं संपलेलं नाही, तोवर न दिसणं म्हणजे नसणं नव्हे, हे आळीला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

पण त्याच शास्त्रानं ३१ व्या कलमासारखंही वागून घेतलंय, आणि ते लपवून मला शास्त्राची बाजू घ्यायची नाही. बौधायनानं पातित्य आणणाऱ्या कृत्यांत समुद्रप्रवास घातला. पुढे कलिवर्ज्यांच्या, म्हणजे कलियुगात निषिद्ध ठरवलेल्या गोष्टींच्या, यादीत आलं की समुद्र ओलांडलेल्या द्विजानं प्रायश्चित्त घेतलं तरी त्याला परत घेऊ नये. म्हणजे बाहेर गेला तो आपला नाही, असं धरून चालावं. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांच्यापुढे हीच भिंत होती. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत अठराव्या वर्षी उभं राहून त्यांनी सांगितलं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन. माणसाचं असणं तो कुठे उभा आहे यावर ठरत नाही, हे त्यांनी जाण्याआधी सांगितलं आणि १८८६ मध्ये परत येऊन दाखवलं. त्यांचा युक्तिवाद मला आजही कायद्याच्या मसुदाकारांपुढे ठेवावासा वाटतो.

वाईत मी आईला वॉकर धरून माजघरापासून पडवीपर्यंत चालवत होते आणि दुपारी ती झोपली की अर्जाचे कागद लावत होते. पासपोर्टच्या पानांच्या प्रती, फोटो, कन्फर्मेशनचा कागद, घरभाड्याचा करार, पगाराच्या पावत्या. संध्याकाळी मुलगी व्हिडिओवर यायची. एकदा तिनं विचारलं, "आई, तू आता तिकडेच राहतेस का?" मी म्हटलं, "नाही गं, मी तुझ्याकडे राहते, फक्त आत्ता आजीकडे आहे." तिला ते लगेच पटलं आणि ती तिच्या बर्फाच्या बाहुल्याकडे वळली.

त्या रात्री उदयनाचार्य आठवले. दहाव्या-अकराव्या शतकातले मिथिलेचे हे नैयायिक. 'न्यायकुसुमाञ्जली'त ते ईश्वर सिद्ध करायला बसलेले आहेत आणि चार्वाक म्हणतो, दिसत नाही म्हणून नाही. उदयनांचं उत्तर असं: मग घराबाहेर पडलेला चार्वाक परत घरी जाणारच नाही. बायको दिसत नाही, मुलं दिसत नाहीत, घरदार दिसत नाही, म्हणजे सगळं नाहीसं झालं असं ठरवून तो रस्त्यातच ऊर बडवून रडत बसेल. शिकवताना हा भाग मी नेहमी घाईनं घेतला, कारण मुलं हसायची आणि तास संपत आलेला असायचा. आईच्या खाटेशेजारी मला त्यातला सगळा भार कळला. प्रवास शक्य होतो तो डोळ्याआड झालेलं तसंच आहे या भरवशावर. तो भरवसा काढून घेतला तर कुणी आजारी आईला भेटायला निघू शकणार नाही, आणि कुणी लेकराकडे परतूही शकणार नाही. ईश्वराबद्दल उदयनांची सगळी प्रमाणं मला पटतात असं नाही. पण न दिसण्याला नसण्याचा पुरावा करू नका, एवढा त्यांचा आग्रह मी मनापासून मानते, आणि माझ्या देवपूजेचा पायाही तेवढाच आहे.

प्रवासाचा कागद आला. टोरंटोला उतरले तेव्हा अधिकाऱ्यानं पासपोर्ट यंत्रावर ठेवला, पडद्याकडे पाहिलं आणि तारखेसकट सांगितलं की तुम्ही अमुक दिवशी कायम निवासी झालात. नोंद पहिल्यापासून तिथेच होती. कार्ड नंतर काही आठवड्यांनी पेटीत आलं, पाच वर्षांच्या मुदतीचं.

कार्डाची वाट पाहणाऱ्या मराठी मंडळींना सगळे सांगतात, "ते आल्याशिवाय हलू नका." लग्नाकार्यासाठी, फिरण्यासाठी हा सल्ला योग्यच आहे, ऐका. पण घरून तसा फोन आला तर थांबू नका. कन्फर्मेशनच्या कागदाच्या दोन प्रती, भाड्याचा करार आणि पगाराच्या पावत्या बरोबर घ्या, भारतात पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच प्रवासाच्या कागदाचा अर्ज टाका, आणि नोकरीच्या ठिकाणी परतीची तारीख पक्की सांगू नका. परत आल्यावर आपल्या भागाच्या खासदाराला एक पत्र लिहा, की कार्ड पोस्टात असेल तोवर काउंटरवर नोंद पाहिली जावी. मी लिहिलं आहे.