दगड उलटून पाहताना

रामनदीच्या काठी, पाषाणच्या आसपास, जरा टेका. भूगावच्या खाटपेवाडीकडून निघालेली ही नदी बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी करत मुळा नदीला मिळते. वीसेक किलोमीटरचा जीव.

आता उभे राहा. पाणी जिकडे चाललंय तिकडे तोंड करा. तुमच्या डाव्या हाताला नदीचा डावा काठ, उजव्या हाताला उजवा. पाहणी सुरू होते ती अशी, नदीच्या बाजूने उभं राहून.

वास येईल. ‘घाण’ म्हणावंसं वाटेल. वाटू द्या, पण वहीत लिहू नका. ते मत झालं. श्वास सोडा आणि एकेक पाहा. काठावर करंज, उंबर आहे की सिमेंटची भिंत? पाण्यावर सावली किती? तळाशी गोटे, वाळू की काळा गाळ?

डोळे मिटा. खळखळ कुठून येते? तिथे पाणी उथळ आहे, दगडांवर आपटून हवा मिसळून घेतंय. जिथे आवाज नाही तिथे डोह. उन्हाळ्यात मासे तिथेच तग धरतात. जेसीबीने पात्र सपाट केलं की दोन्ही एकदम जातात.

दहा मीटर मोजा आणि वाळकी काटकी सोडा. नजर तिच्यावरच ठेवा. 40 सेकंद लागले, तर वेग सेकंदाला पाव मीटर. वरचं पाणी तळच्यापेक्षा भरभर धावतं, म्हणून हा आकडा साधारण 0.85 ने गुणतात.

हातमोजे घालून खळाळातला एक दगड उचला, उलटा करा. थांबा. कडेचे कल्ले हलवणारी, बहुधा तीन शेपट्यांची मेफ्लाय या किड्याची पिल्लं दिसली, तर प्राणवायू बरा आहे. नुसत्याच लाल अळ्या वळवळत असतील, तर समजा तो कमी पडतोय; त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या थोडक्यात भागवतात. बाटलीत भरलेलं पाणी त्या घटकेचं सांगतं, दगडाखालचा जीव मागच्या कित्येक आठवड्यांचं. दगड होता तसा ठेवा.

हळहळ वाटेल. तिच्यापायी आकडा वाढवू नका, आशेपायी कमीही करू नका. पावसाळा सरल्यावर याच जागी, याच क्रमाने पुन्हा पाहा. मग नदी सुधारली की बिघडली, हे कुणाच्या भाषणावरून ठरवावं लागणार नाही.