त्याचा काही नेम नाही

बंदुकीच्या शौकिनांत एक जुना वाद आहे. कुठल्या घडणीची रायफल जास्त अचूक? वादाची जात आपल्या ओळखीची आहे. गाणं किराण्याचं की आग्र्याचं, हापूस रत्नागिरीचा की देवगडचा, यांच्याच पंगतीला तो बसतो.

यातही घराणी आहेत. पहिलं बोल्टवाल्यांचं. बोल्ट म्हणजे आपल्या दाराची आडवी कडी. मूठ उचलून मागं ओढली की रिकामं काडतूस बाहेर, पुढं ढकलली की नवं आत, मूठ खाली पाडली की दार बंद. दुसरं लिव्हरवाल्यांचं. चापाभोवतीचं कडं खालीवर केलं की तेच काम होतं. सिनेमातले काउबॉय धावत्या घोड्यावरून वाजवतात ती ही. 1873 ची विंचेस्टर या घराण्यातली मोठी गवई. तिसरं घराणं आपोआपवाल्यांचं. गोळीमागच्या वायूच्या दाबावर रायफल आपली आपण कडी काढते, काडतूस भरते, कडी लावते. माणसानं फक्त चाप ओढायचा. एवढं काम तरी त्याच्याकडे ठेवलं, हे उपकारच.

बोल्टवाले म्हणतात, गोळी नळीत असताना आमच्याकडे कसं सगळं शांत असतं! 1898 च्या माउझरची कडी पुढच्या टोकाला, काडतुसाच्या अगदी पाठीशी अडकते. हलायला वावच नाही. आपोआपवाल्यांत वायूला वाट द्यायची म्हणून नळीला भोक पाडतात आणि त्यावर सामान टांगतात. नळीच्या थरथरीत ते ढवळाढवळ करतं. गवई सम गाठत असताना कुणी त्याचा कोट ओढावा, तसं. अमेरिकन सैन्यानं 1936 साली आपोआप भरणारी गॅरंड स्वीकारली खरी, पण लपून नेम धरणाऱ्यांसाठी 1988 साली पुन्हा बोल्टचीच एम-24 घेतली. यावर आपोआपवाले म्हणतात, आमची चांगली रायफल तुमच्या भिकार रायफलीला सहज हरवते. तेही खोटं नाही. कारण खरी करामत नळीची, काडतुसाची आणि दस्त्यात केलेल्या बसवणीची. म्हणजे वाद मिटायचा नाही. शौकिनांचा जीव भांड्यात पडतो.

मला त्या वादापेक्षा त्यांची मोजण्याची रीत भावली. एका गोळीवरून ते रायफलीबद्दल अवाक्षर बोलत नाहीत. निदान पाच गोळ्या झाडायच्या आणि त्यांचा झुपका केवढा, ते पाहायचं. शंभर यार्डांवर इंचभरात पाचही आल्या तर रायफल चांगली. मग झुपका लक्ष्याच्या चार इंच डावीकडे का असेना! स्क्रू फिरवून माशी सरकवली की झालं. गोळ्या चार दिशांना गेल्या तर मात्र फिरवायला स्क्रूच नसतो. त्यातली एखादी ऐन मध्यावर बसली, तरी तो काकतालीय न्याय. कावळ्याला त्याचं श्रेय देत नाहीत.

मराठी भाषेला हे रायफलीच्या आधीपासून ठाऊक असावं. धरायचा तो नेम, पाळायचा तोही नेम, आणि बेभरवशाच्या माणसाबद्दल आपण म्हणतो, ‘त्याचा काही नेम नाही.’ माझे एक स्नेही सहाला येतो म्हणाले की पावणेसातला येतात. वीस वर्षं. हे माउझर. त्यांना सव्वापाचची वेळ द्यावी, सहाच्या ठोक्याला हजर! दुसरे कधी पाचला येतात, कधी नवाला, कधी दुसऱ्या दिवशी. ते एकदा बरोबर सहाला आले होते. त्याची आठवण ते अजून करून देतात.

यात एक गंमत आपल्या ओळखीच्या ‘थ्री-नॉट-थ्री’ची. ली-एनफिल्डची कडी मागच्या बाजूला अडकते, त्यामुळं बार उडाला की ती किंचित दबते, नळी हलते. जवळच्या लक्ष्यावर हा दोषच. पण हजारेक यार्डांवर उलटंच घडतं. सावकाश निघालेली गोळी नळीचं तोंड जरा वर असताना सुटते, वेगाची जरा खाली असताना, आणि लांब गेल्यावर दोघी जवळजवळ येतात. लांब पल्ल्याचे नेमबाज म्हणून तिच्यावर खूश असत. जवळून दोष आणि लांबून गुण! काही नातेवाइकांच्या बाबतीत हा शोध आपल्याकडे पूर्वीच लागलेला आहे.

प्रश्न असा, की लोखंडाला आपण पाच गोळ्यांची सवलत देतो, माणसाला का नाही? तीस वर्षं सचोटीनं नोकरी केलेल्या कारकुनाची एक चूक कचेरीला पाठ असते. दिवाळीला एकदा फटकन बोललेली नणंद जन्माची फटकळ ठरते. द्रोणाचार्यांनीही अर्जुनाकडे एकच बाण मागितला, झुपका मागितलाच नाही. आजचे पंच एवढे भाबडे नाहीत. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 साली पॅरिसला कांस्यपदक मिळवलं. त्याला आधी पात्रता फेरीत गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून वीस-वीस, अशा 60 गोळ्या झाडाव्या लागल्या. पन्नास मीटरांवर, जेमतेम एक सेंटिमीटरच्या दहाच्या वर्तुळावर. मग अंतिम फेरी. एका गोळीवर त्याला कुणी थोर म्हटलं नाही की वाया गेलेला म्हटलं नाही.

पण दुसरी बाजूही आहे, आणि ती हसण्यावारी नेता येत नाही. ज्याला पाचवी गोळी लागली त्याला पहिल्या चारांचा झुपका दाखवून काय उपयोग? कारकुनाच्या त्या एका चुकीनं एखाद्या विधवेचं पेन्शन अडलं असेल, तर तिच्यापुढं तीस वर्षांची सरासरी कोणत्या तोंडानं मांडायची? सरासरीला जखम होत नाही, माणसाला होते.

मला सुचतो तो तोडगा असा: दुसऱ्याला जोखताना झुपका बघावा, स्वतः चाप ओढताना मात्र हातात हीच एक गोळी आहे असं समजावं. आपण करतो नेमकं उलट. स्वतःचा झुपका फ्रेम करून भिंतीवर लावतो आणि शेजाऱ्याची चुकलेली एक गोळी खिशात घालून गावभर दाखवत हिंडतो.

बोल्टवाल्यांची एक गोष्ट त्यासाठी मला पटते. प्रत्येक बारानंतर त्यांना मूठ उचलून कडी मागं घ्यावी लागते. तेवढ्या वेळात पुढची गोळी खरंच झाडायची आहे का, हा विचार मनात येऊ शकतो. देवानं जीभ केली ती मात्र आपोआप भरणारी.